पलीकडची दोरी

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा तीनवर ठेवला की जिथे भिंतीवरचा नकाशा फडफडतो,
मी तिसऱ्या वर्षाला शिकवते
न भेटलेल्या माणसांबरोबर काम कसं करायचं.

चार क्रेडिटचा विषय.
पाच जणांचा गट : दोन आमचे, दोन चंद्रपूरचे,
आणि फिनलंडची एलिना,
जिच्याकडे दुपारी तीनलाच दिवे लागतात
आणि जी एक मिनिट आधी हजर असते.
आमचा इनास 'इलंय' असं अगदी वेळेवर कळवतो,
मग घरून निघतो.

मी सांगते : नुसतं 'हो' लिहू नका, कशाला हो ते लिहा.
'उद्या' लिहू नका. तारीख लिहा,
आणि ती कुणाच्या घड्याळातली, तेही.
चेष्टा करायची असेल तर आधी दोन आठवडे
कामं वेळेवर देऊन ती कमवा.

नियम सातवा :
तीन दिवस उत्तर नाही, तर अहवालातून नाव वगळावं.
हा मी एका रविवारी लिहिला,
तिरफळं घातलेल्या बांगड्याचा वास घरभर असताना.
तेव्हा तो मला फार न्यायाचा वाटला होता.

नोव्हेंबरात चंद्रपूरचा निकेश मडावी गप्प झाला.
चौथा दिवस. सातवा. नववा.
इनास म्हणाला, "मॅडम, नियम सात."
त्याचा आवाज बरोबर माझ्यासारखा होता.

दर्शना केळुसकर शेवटच्या बाकावर बसते.
तिचे वडील वायंगणीला रापणीत आहेत.
पहिल्याच तासाला मी रापणीचा दाखला दिला होता,
एक जाळं, दोन दोऱ्या, सगळी वाडी मिळून ओढते, वगैरे,
आणि ती खाली बघून हसली होती.
आज उभी राहिली.

"मॅडम, थंय तसा नसता.
पलीकडची दोरी धरतत ते लांब आसतत,
लाटांच्या आवाजात हाक पोचणा नाय.
दोरी सैल लागली तर आपण जोरात वडूचा नाय.
थांबूचा.
आणि एक पोर धाडूचा धावत, काय झाला ता बगूक."

वर्गात कुणीतरी पेन खाली ठेवलं.
मी सातवा नियम खोडला.
खाली काही लिहिलं नाही, जागा तशीच आहे.

त्या आठवड्याचं धावणारं पोर दर्शनाच झाली.
तिने पल्लवीला गाठलं, पल्लवीने मावसभावाची स्कूटर,
स्कूटरने अठरा किलोमीटर जंगलरस्ता.
निकेशचा फोन आईकडे होता,
आई नागपूरच्या मेडिकलमध्ये,
वडिलांच्या खाटेखाली चटईवर.
त्याचं काम मात्र झालेलं होतं,
वहीत, अकरा पानं.
पल्लवीने फोटो पाठवले तेव्हा एलिनाने विचारलं,
ही नक्षी आहे का?

डिसेंबरात अहवाल गेला, सहा दिवस उशिरा.
शेवटच्या बैठकीला आमच्याकडे वीज नव्हती
म्हणून आम्ही बंदरावर गेलो, जिथे रेंज येते.
वडील घरी आले होते. निकेश म्हणाला,
"समुद्र दाखवता का? मी पाहिलेला नाही."

इनासने फोन वळवला.
"दिसतो आहे," निकेश म्हणाला,
"पण हा मुका आहे का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
आमच्या पायांशी लाटा धक्क्यावर आपटत होत्या,
आम्हीच एकमेकांशी ओरडून बोलत होतो.
मग दर्शनाला उमगलं : फोनच गोंगाट गाळतो.
माणसाचा आवाज तेवढा ठेवतो,
बाकीचा समुद्र काढून टाकतो.

तिने सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली.

पाच चौकोनांत त्यानंतर कुणीच बोललं नाही,
चार मिनिटं, माझ्या घड्याळाने.
एलिनाने डोळे मिटले होते.
सहभागाच्या रकान्यात या चार मिनिटांचे
किती गुण लिहायचे,
ते मी अजून ठरवलेलं नाही.